पन्नी घेण्याआधी: नागपुरात घरचा माल पॅक करून विकायला निघालेल्यांसाठी

इतवारीत पॅकिंग मटेरियलच्या दुकानात गेलेला नवखा माणूस आधी भाव विचारतो. जाणता दुकानदार मात्र उलट विचारतो, "भरायचं काय आहे?" याचं उत्तर तयार नसेल तर दुकानातून येते ती दिसायला सगळ्यात चकचकीत पन्नी. महिन्याभराने चिवडा मऊ पडला की दोष जातो पोह्यांना.

हा लेख बचत गट, गृहउद्योग आणि घरून चिवडा, पापड, मसाला किंवा संत्रा बर्फी विकायला सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. मोठ्या कारखान्यांकडे यासाठी वेगळी माणसं असतात. आपल्याकडे हँड सीलर, वजनकाटा आणि थोडी चिकाटी असते. तेवढ्यावर बरंच जमतं.

आधी ठरवा: माल बिघडतो कशाने?

कागदावर पदार्थाचं नाव लिहा आणि समोर त्याला काय मारतं ते लिहा. ओल, हवेतला ऑक्सिजन, उजेड, वास उडणं, टोचून भोक पडणं, स्वतःचीच वाफ. बहुतेक पदार्थांना यातले दोन शत्रू असतात, आणि पन्नी त्या दोघांना अडवणारी लागते.

पोह्याचा चिवडा घ्या. तो ओलीने मऊ पडतो. शिवाय तळणीचं तेल, शेंगदाणे आणि खोबरं ऑक्सिजन व उजेडाने खवट होतात. पापड-कुरडयांना ओल नको, पण त्यांची खरी अडचण कडांची आहे. कुरडईचं टोक पातळ पिशवीतून सहज बाहेर येतं. तिखटाचा रंग उजेडात उडतो. सावजी मसाल्यातलं दगडफूल, लवंग, जायपत्री यांचा वास साध्या पॉलिथिनमधून आरपार जातो. म्हणून मसाल्याच्या पिशव्यांशेजारी ठेवलेले पापडही मसाल्यासारखे वास मारतात. संत्रा बर्फीत ओलावा मुळातच असतो. तिला बाहेरून काही यायची गरज नाही, बुरशीला आतलंच पुरतं.

आता नागपूरचं हवामान. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि हवा इतकी कोरडी असते की हलक्या पिशवीतला चिवडाही कुरकुरीत राहतो. लोक एप्रिल-मेमध्ये पिशवी तपासतात, खूश होतात, शेकड्याने माल भरतात आणि जुलैत पिशव्या परत यायला लागतात. उलट, उन्हाळ्यात खवटपणा वेगाने वाढतो. साधारण हिशोब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की तेल बिघडायचा वेग दुपटीच्या घरात जातो. थोडक्यात, कुरकुरीतपणाची परीक्षा पावसाळ्यात घ्यायची आणि तेलाची उन्हाळ्यात.

दुकानात ऐकू येणारी नावं

एलडी म्हणजे साध्या पॉलिथिनची मऊ, किंचित धुरकट, ताणली की लांबणारी पिशवी. सील झकास होते, ओल बऱ्यापैकी अडते, पण ऑक्सिजन आणि वास यांना ती जवळजवळ उघडं दार आहे. एचएम हीही पॉलिथिनचीच, पण चुरचुर आवाज करणारी, पातळ असूनही मजबूत, पण पारदर्शक नाही. पीपी (पॉलिप्रोपिलीन) काचेसारखी स्वच्छ, एलडीपेक्षा कडक आणि जास्त उष्णता सोसणारी. पापड, शेवया, डाळींच्या पारदर्शक पिशव्या बहुधा पीपीच्या असतात.

बीओपीपी म्हणजे पीपीच, पण दोन्ही दिशांनी ताणून पातळ आणि ताठ केलेली. बिस्किटांचं वेष्टन डोळ्यांसमोर आणा. ओल अडवण्यात चांगली, मात्र साधी बीओपीपी सीलरच्या गरम जबड्यात धरली की आकसते. सील होणारा थर तिला वेगळा द्यावा लागतो. पॉलिस्टर, म्हणजे पीईटी, १२ मायक्रॉनमध्येही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दणकट असते, छपाई सुरेख घेते आणि वास धरून ठेवते, पण ती स्वतः सील होत नाही. म्हणून तिच्या आत एलडीचा थर चिकटवतात. हे झालं लॅमिनेट. बाहेर पॉलिस्टर आणि आत पॉली म्हणजे पॉलिथिन, या जोडीला बाजारात "पेट-पॉली" म्हणतात.

चांदीसारखी दिसते ती मेटलाइज्ड. पॉलिस्टरवर किंवा बीओपीपीवर ॲल्युमिनियमची अतिशय पातळ वाफ बसवलेली असते. दिसायला फॉइल वाटली तरी ती फॉइल नव्हे. पण साध्या पन्नीपेक्षा फरक जबर आहे. २५ मायक्रॉनच्या साध्या एलडीमधून एका चौरस मीटरमागे दिवसाला काही हजार घन सेंटिमीटर ऑक्सिजन जातो, १२ मायक्रॉन पॉलिस्टरमधून साधारण शंभर-सव्वाशे, आणि तीच पॉलिस्टर मेटलाइज्ड असेल तर एक-दोन. उजेडही अडतो. खरी फॉइल यापेक्षाही सरस असते, पण घडीवर तिला बारीक भोकं पडतात आणि ती महागही आहे.

नायलॉन व्हॅक्यूम पाऊचमध्ये असतं. टोचण्याला आणि ऑक्सिजनला ते भारी, ओलीपुढे मात्र नमतं. त्याच्याही आत पॉलीचा थर असतोच. क्लिंग फिल्म, कापलेली फळं झाकायची ती चिकट पन्नी, बहुधा पीव्हीसीची किंवा पॉलिथिनची. फ्रिजमधल्या ताटलीवर ठीक. महिनाभर विकायच्या मालाचा आणि तिचा संबंध नाही.

जाडी दोन मापांत सांगतात. जुने दुकानदार गेजमध्ये बोलतात, नवे मायक्रॉनमध्ये. १०० गेज म्हणजे सुमारे २५ मायक्रॉन. दुकानदार "दोनशेची" म्हणाला तर ५० मायक्रॉन समजा.

सांगितलं तेच दिलं का, हे पाहायचं कसं

एक तुकडा पाण्यात साबणाचा थेंब टाकून बुडवा आणि चिकटलेले बुडबुडे बोटाने काढा. पॉलिथिन आणि पीपी वर येतात. पॉलिस्टर, नायलॉन, पीव्हीसी तळाला जातात. लॅमिनेटला ही युक्ती लागू पडत नाही, कारण त्यात दोन्ही असतात. लॅमिनेट ओळखायला कोपरा फाडून पाहा. ताणल्यावर बाहेरचा कडक थर आधी तुटतो आणि आतला मऊ थर लांबत राहतो.

जाडी मोजायला मायक्रोमीटर लागतो, पण त्याशिवायही काम भागतं. १० सेंमी × १० सेंमीचे दहा तुकडे नीट कापा आणि बारीक वजन दाखवणाऱ्या काट्यावर एकत्र तोला. इतवारीतच सराफा असल्याने असा काटा शोधायला लांब जावं लागत नाही. दहा तुकडे म्हणजे बरोबर एक दशांश चौरस मीटर. एलडीची घनता ०.९२ च्या आसपास असते, म्हणून ५० मायक्रॉनच्या एलडीचं वजन साधारण ४.६ ग्रॅम यायला हवं. ३.७ आलं तर तुमच्या हातात ४० मायक्रॉनची पिशवी आहे. पीपीसाठी घनता ०.९ धरा, पॉलिस्टरसाठी १.४.

हाच हिशोब भाव समजून घ्यायला कामी येतो. पिशवी विकत घेताना भाव किलोचा असतो, तुम्ही विकता नगाने. समजा पेट-पॉली पाऊच १२ मायक्रॉन पॉलिस्टर आणि ५० मायक्रॉन पॉलीचा आहे. पॉलिस्टरचे १६.८ ग्रॅम, पॉलीचे ४६ ग्रॅम आणि चिकटवण्याचा डिंक मिळून चौरस मीटरला ६५-६६ ग्रॅम. १५ × २० सेंमीच्या पाऊचच्या दोन बाजू म्हणजे ०.०६ चौरस मीटर, वजन जवळपास ४ ग्रॅम. किलोत अडीचशे पाऊच. कुणी किलोत साडेतीनशे निघतील म्हणत असेल तर पाऊच पातळ आहे किंवा लहान आहे. उदार कुणीच नाही.

कोणत्या मालाला काय

चिवडा, शेव, चकली: मेटलाइज्ड लॅमिनेट. पारदर्शक खिडकी ठेवायचा मोह आवरा. गिऱ्हाइकाला माल दिसतो हे खरं, पण त्याच खिडकीतून ऊनही आत जातं. आठवडाभरात गल्लीतच खपणारा माल असेल तर साधी पेट-पॉली पुरते, उगाच खर्च करू नका. नायट्रोजन भरून देतो म्हणणारे भेटतात. पाकीट फुगलं म्हणजे नायट्रोजन भरला असं नव्हे, फुगवायला साधी हवाही चालते आणि तिच्यात २१ टक्के ऑक्सिजन असतो. शिवाय एलडीच्या पिशवीत नायट्रोजन भरणं म्हणजे गाळणीत दूध साठवणं. आधी पन्नी सुधारा, गॅस नंतर.

पापड, कुरडया, सांडगे, मूगवड्या: जाड पीपी किंवा एलडी. इथे जाडी महत्त्वाची, थर नाहीत. कुरडया भरलेली पिशवी टेबलावर चार वेळा आपटा आणि उजेडासमोर धरा. भोकं लगेच दिसतात. वाळवण पूर्ण वाळलं नसेल तर कुठलीही पन्नी वाचवू शकत नाही. पिशवीच्या आतल्या बाजूला सकाळी दव दिसलं तर माल परत उन्हात.

तिखट आणि मसाले: किमान पेट-पॉली. भिवापुरी मिरचीचं तिखट रंगासाठी घेतलं जातं, त्यामुळे तिथे उजेड अडवणारी पन्नी घ्या, नाहीतर दुकानाच्या दर्शनी फळीवर दोन महिन्यांत ते विटकरी दिसायला लागतं. घरातली चाचणी सोपी आहे: मसाला भरून सील केलेलं पाकीट स्टीलच्या घट्ट डब्यात एक रात्र ठेवा. सकाळी डबा उघडून वास घ्या. वास भपकन आला तर एकतर पन्नी कच्ची आहे किंवा सील.

संत्रा बर्फी: पन्नीपेक्षा थंड होण्याला महत्त्व द्या. कोमट बर्फी हवाबंद केली की वाफ आतच थेंब होऊन बसते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. पूर्ण गार करा, सुटी वडी गुंडाळा, डब्यात भरा. आणि एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. मिठाईच्या डब्यावर बाहेरून घट्ट बसवतात ती पारदर्शक पन्नी १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे. एकदा वापरून फेकायच्या वस्तूंच्या बंदीत प्लॅस्टिकचे काटे-चमचे आणि स्ट्रॉसोबत तिचंही नाव आहे. डब्याला कागदी पट्टी किंवा सीलचं स्टिकर लावा.

ताजी संत्री, भाजी: फळ तोडल्यावरही श्वास घेतं. भोकं नसलेल्या पिशवीत ते घुसमटतं, घाम धरतं, सडतं. भोकांची पिशवी किंवा जाळी. मोठ्या प्रमाणावर करायचं असेल तर अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत विचारा.

सावजी रस्सा पॅक करून दूर पाठवायची कल्पना दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी मांडतं. सामान्य तापमानाला टिकणारा रस्सा म्हणजे रिटॉर्ट पाऊच. ते १२१ अंशांवर दाबाखाली शिजवावे लागतात आणि त्यांचा आतला थर पॉलीचा नसून उष्णता सोसणाऱ्या पीपीचा असतो. हे घरी होत नाही. व्हॅक्यूम मारून खोलीत ठेवणं हा त्याला पर्याय नाही. हवा काढली की बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूला उलट मोकळं रान मिळतं, आणि त्याच्या विषाचा वास येत नाही. व्हॅक्यूम केलेला ओला पदार्थ फ्रिजमध्येच. आणि पार्सलला उकळता, वर तेलाचा तवंग असलेला रस्सा पातळ पिशवीत ओतायची आपली सवय मोडा. एलडी ११० अंशांच्या आसपास वितळते, पण मऊ त्याआधीच पडते. तेल आणि उष्णता एकत्र आली की प्लॅस्टिकमधले अंश अन्नात उतरणं वाढतं. झाकणाचा पीपीचा डबा घ्या.

सील: बहुतेक माल इथे मरतो

उत्तम पन्नी आणि गळकी सील, म्हणजे पैसे पाण्यात. सील तीन गोष्टींनी होते: उष्णता, दाब, वेळ. यातली एक बदलली की बाकीच्या दोन पुन्हा जुळवाव्या लागतात. हँड सीलरवर फक्त वेळेचं बटण असतं, दाब तुमच्या हाताचा. म्हणून सकाळी ताज्या हाताने केलेली आणि संध्याकाळी थकलेल्या हाताने केलेली सील सारखी नसते. शिवाय सलग वापरात तार तापत जाते. सुरुवातीला पाचवर ठेवलेलं बटण तासाभराने चारवर आणावं लागतं, नाहीतर कडा जळून कागदासारखी ठिसूळ होते. वर टेफ्लॉनची पट्टी असते. ती तपकिरी झाली, सुरकुतली की बदला, स्वस्त असते.

रोज शे-दोनशे पाकिटांच्या वर काम गेलं की बँड सीलर, म्हणजे पाकीट पट्ट्यावरून सरकवत सील करणारं यंत्र घ्या. त्यावर तापमानाचा आकडा असतो, पण त्या आकड्याला देव मानू नका. जबड्याचं खरं तापमान वेगळं असू शकतं, आणि दुपारी व्होल्टेज पडलं की फरक पडतो. प्रत्येक नव्या रोलला पाच रिकामी पाकिटं वेगवेगळ्या तापमानावर सील करून बघा. त्यानंतर दोन्ही बाजू धरून ओढा. सील केळीच्या सालीसारखी सुटत आली तर कच्ची. पन्नी ताणली गेली, फाटली, पण सील हलली नाही, तर पक्की. सीलच्या रेषेलगत फटकन तुटली तर जळालेली. हे तिन्ही प्रकार एकदा हाताने अनुभवले की पुढे डोळ्यांनाच कळतं.

मग बादलीची परीक्षा. हवा धरून सील केलेलं पाकीट पाण्याखाली दाबून धरा. बुडबुड्यांची बारीक माळ निघाली तर ती कुठून निघते ते बघा. बहुतेक वेळा कोपऱ्यातून किंवा मधल्या शिवणीच्या जोडावरून, जिथे दोनाच्या ऐवजी चार थर येतात. तिथे दाब कमी पडतो.

सगळ्यात जास्त सील बिघडतात त्या तोंडाला लागलेल्या मालामुळे. तिखटाची पूड, चिवड्याचं तेल, मिठाचा एक कण. मोठ्या तोंडाचं नरसाळं घ्या, ते पिशवीत खोल घाला, भरल्यावर सरळ वर काढा, आणि सील करायच्या आधी आतली कडा कोरड्या फडक्याने पुसा. मसाला भरताना पंखा बंद. मे महिन्यात हे सांगणं क्रूर आहे, पण पर्याय नाही. सील किमान ८-१० मिलिमीटर रुंद असावी आणि तिच्यात सुरकुती नको. एकच सुरकुती म्हणजे एक बारीक नळी.

छपाई की स्टिकर

सुरुवातीला स्टिकर. मोठ्या छपाईत प्रत्येक रंगाचं वेगळं सिलेंडर कोरावं लागतं, त्याचे पैसे आधी मोजावे लागतात आणि पन्नीही शेकडो किलोत घ्यावी लागते. मग पत्ता बदलला, वजन बदललं, कुणी लेबलातली चूक दाखवली की सगळं भंगारात. आधी तयार कोऱ्या पाऊचवर चांगलं स्टिकर लावा, माल चालतो का बघा. शाईची बाजू मात्र मालाला कधीच लागता कामा नये. लॅमिनेटमध्ये ती दोन थरांच्या मध्ये दाबलेली असते, म्हणून सुरक्षित. जुनी वर्तमानपत्रं पॅकिंगला वापरायची नाहीत, हे वेगळं सांगायला नको. समोशाच्या ठेल्यांवर मात्र अजून सांगावं लागतं.

कागदपत्रं मागा

"फूड ग्रेड आहे ना?" असं विचारलं की कुणीही हो म्हणतो. त्यापेक्षा अन्न सुरक्षा व मानके (पॅकेजिंग) नियम, २०१८ प्रमाणे चालणारी आहे का आणि आयएस (भारतीय मानक) ९८४५ ची चाचणी झाली का, ते विचारा. पन्नीतून अन्नात किती अंश उतरतो याची ती चाचणी, मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम. पॉलिथिनसाठी आयएस १०१४६, पीपीसाठी आयएस १०९१०, पीईटीसाठी आयएस १२२५२ ही मानकं आहेत. दुकानदार गोंधळला तर त्याच्या पुरवठादाराकडून पत्र मागवायला सांगा. पत्र कोणत्या रोलसाठी आहे आणि किती जुनं आहे, हेही वाचा. काळ्या किंवा गडद रंगाच्या पिशव्यांच्या वाटेला जाऊ नका, पुनर्वापर केलेलं प्लॅस्टिक बहुधा तिथेच लपतं.

जाडीचाही नियम आहे. प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे लॅमिनेटचा भाग नसलेलं, माल गुंडाळायचं साधं प्लॅस्टिक ५० मायक्रॉनपेक्षा पातळ नको. खर्र्याच्या ठेल्यावर दिसणारी पन्नी किती असते ते बोटांनाच कळतं. हातात धरून न्यायच्या प्लॅस्टिक पिशव्या तर राज्याने २०१८ मध्येच बंद केल्या आहेत, तेव्हा दुकानात कापडी किंवा कागदी ठेवा. पाकिटावर अन्न परवाना किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक, हिरवा ठिपका, निव्वळ वजन, किंमत, तारखा हे सगळं यायला हवं, आणि स्टिकरचा आकार ठरवतानाच त्याची जागा धरा.

चाचणीसाठी किंवा शंकेसाठी नागपूरच्या एलआयटीतल्या (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) अन्न आणि प्लॅस्टिक तंत्रज्ञानाच्या लोकांना भेटता येतं. सिपेट या प्लॅस्टिक तंत्रज्ञानाच्या सरकारी संस्थेचं केंद्र चंद्रपूरला आहे.

तारीख छापण्याआधी

शेजारच्या ब्रँडवर सहा महिने लिहिलंय म्हणून आपणही लिहायचं, हा इथला सर्रास प्रकार. त्यांची पन्नी वेगळी, तेल वेगळं.

नेहमीच्या पद्धतीने वीस-पंचवीस पाकिटं भरा. प्रत्येकाचं वजन त्यावरच मार्करने लिहा. निम्मी घरातल्या सावलीत आणि निम्मी टिनाच्या पत्र्याखाली किंवा गच्चीवरच्या खोलीत ठेवा, कारण दुकानदार आणि कुरिअरवाले माल असाच ठेवतात. दोन-तीन पाकिटं फ्रिजमध्ये, तुलनेसाठी. दर आठवड्याला सगळी तोला. वजन वाढलं म्हणजे ओल आत आली. त्यातलं एकेक पाकीट फोडून चाखा आणि घरातल्या अशा माणसाला द्या ज्याला तारीख माहीत नाही. ज्या आठवड्यात त्याने तोंड वाकडं केलं, त्याच्या बराच आधी तुमची तारीख संपायला हवी. पावसाळ्यात हीच परीक्षा पुन्हा घ्या. जुलैत निकाल कमी आला तर वर्षभर तोच छापा.

नुसती पन्नी तपासायची असेल तर निळी सिलिका जेलची पुडी रिकाम्या पाऊचमध्ये सील करून ठेवा, ओल शिरली की ती गुलाबी होते. ही पुडी विकायच्या मालात टाकू नका, निळ्या रंगात कोबाल्ट असतं.

आणि विक्री सुरू झाल्यावर प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट बाजूला ठेवत चला. त्यावर तारीख, पन्नीचा रोल नंबर आणि सील करणाऱ्याचं नाव लिहा. तक्रार आली की गिऱ्हाइकाशी वाद घालण्याआधी ते फोडा.